रोममध्ये बाबा बाहेर थांबले

काका गेले तेव्हा आम्ही रोममध्ये होतो. बाबांना ते त्याच सकाळी कळलं. मला कळलं ते परतताना, कसारा घाट चढून गाडी इगतपुरीच्या रस्त्याला लागली तेव्हा. मधले सगळे दिवस बाबा माझ्यासोबत रोम बघत हिंडत होते आणि मी त्यांच्यावर चिडत होते. चिडणं हा माझा स्वभावच आहे, त्याला परदेश लागत नाही. पण त्या आठवड्यातलं चिडणं मला अजून टोचतं, आणि खरं सांगायचं तर बाबांवरचा रागही अजून पुरता गेलेला नाही.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरात रामकुंडावरचं उपाध्येपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ते काकांनी पुढे चालवलं आणि बाबा शाळेत इतिहासाचे मास्तर झाले. पंचवटीतल्या एकाच इमारतीत दोघं राहायचे, काका खाली आणि आम्ही वर. काकांनी कुठकुठल्या माणसांना नाशिक दाखवलं असेल याला गणती नाही, पण स्वतः मात्र नाशिक सोडून फारसे कुठे गेले नाहीत. "यजमान कधी दारात उभा राहील सांगता येतं का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. संध्याकाळी दोघं भाऊ काकांच्या गॅलरीत चहा प्यायचे. काका अखंड बोलायचे आणि बाबा ऐकायचे. बाबा मुळातले घुमे. त्यांच्या वाटचं बोलणंही काकाच उरकून टाकतात, असं आई म्हणायची.

आई गेल्यावर बाबा आणखी गप्प झाले. माझं लग्न झालेलं नाही, घरात आम्ही दोघंच. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामावर जायचे आणि परत यायचे तर बाबा सकाळी बसले होते त्याच खुर्चीत. शेवटी काकांनीच मला खाली बोलावून घेतलं. म्हणाले, "जन्मभर फळ्यावर रोम काढून खडू झिजवले याने. एकदा खरं दाखव त्याला. मी सांगतो म्हणून घेऊन जा." बाबा नको नको म्हणत होते, पण काकांपुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं.

मग दोघंही रोज मोबाईलवर रोम बघायला लागले. तिथल्या पँथिऑनच्या घुमटाला मधोमध मोठं गोल भोक आहे आणि पाऊस आला की तो सरळ आत पडतो, हे बघून काका हरखून गेले. पण माणूस गाभाऱ्यात वावरलेला. त्यांनी लगेच विचारलं, "आणि पाणी जातं कुठे? आमच्या महादेवालासुद्धा गोमुख लागतं." बाबांना सांगता येईना. काका म्हणाले, "मग बघून ये आणि सांग. बाकी तुझं रोम राहू दे बाजूला."

पहिला दिवस फार छान गेला. पहिल्याच चर्चच्या दारात बाबांनी बूट काढले. मी पुढे गेले होते, वळून बघते तर हे मोज्यांवर उभे आणि बूट ठेवायला जागा शोधताहेत. मी म्हटलं, "बाबा, इथे काढत नाहीत." म्हणाले, "ते नसतील काढत." बूट दाराशी भिंतीला नीट टेकवून ठेवले आणि आत गेले. आत सगळे लोक हवे तसे फिरत होते, बाबांनी मात्र उजवी घालून पूर्ण प्रदक्षिणा केली. बाहेर आले तर बूट जागेवरच होते. त्याचं त्यांना इतकं नवल वाटलं की संध्याकाळी काकांना फोन करून आधी तेच सांगितलं. काका तिकडे हसत होते ते मला फोनपासून लांब उभं राहूनही ऐकू येत होतं. ते मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं हसणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत केस विंचरत होते तेव्हा बाबांचा फोन वाजला. ते फोन घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. आत आले ते सरळ न्हाणीघरात. सकाळीच आंघोळ झाली होती, तरी परत नळाचा आवाज. थोड्या वेळाने बघते तर त्यांचा सदरा आणि पायजमा पिळून खिडकीत वाळत घातलेला. मी विचारलं तर म्हणाले, "अंगावर पाणी सांडलं." फोन कोणाचा होता विचारलं तर म्हणाले, "दादाचाच. चौकशी करत होता."

फोन काकांच्या मुलाचा होता, काकांच्याच मोबाईलवरून. काका पहाटे झोपेतच गेले होते. आम्ही कितीही धडपडलो असतो तरी पोचेपर्यंत त्यांना तसंच ठेवणं शक्य नव्हतं. बाबांनीच पुतण्याला सांगितलं की थांबू नका, उरकून घ्या. आणि वर सांगितलं की हिला कोणी काही कळवायचं नाही, ग्रुपवर कोणी काही टाकायचं नाही. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं आणि सुविचार यांचा नुसता पाऊस असतो. तो एकदम थांबला. मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून बाबा कुठल्याही चर्चमध्ये आले नाहीत. रोममध्ये दर वळणावर एक चर्च आहे. प्रत्येक दाराशी आलो की बाबा म्हणायचे, "तू जाऊन ये. मी बसतो इथे." कधी गुडघे दुखत होते, कधी आत गर्दी असेल म्हणून, कधी बॅग सांभाळायला कोणी हवं म्हणून. सगळ्यात मोठ्या चर्चपुढे आम्ही उन्हात भलीमोठी रांग धरली. आमची पाळी आली तशी बाबा रांगेतून बाजूला झाले. माझ्या मागच्या लोकांनी पुढे ढकललं म्हणून मी आत गेले, नाहीतर तिथेच भांडले असते. तो एवढा प्रसिद्ध घुमट मी दात-ओठ खातच बघितला.

इतरही गोष्टी होत्याच. बाबांनी दाढी करायचं सोडलं. गोडावर त्यांचा इतका जीव की आई साखरेचा डबा लपवायची, तरी तिथलं आइस्क्रीम त्यांनी तोंडाला लावलं नाही, दात शिवशिवतात म्हणे. एक दिवस सकाळी मी उठले तर ते पलंगाशेजारी खाली चादर टाकून झोपलेले, म्हणे गादी फार मऊ आहे. ताकास तूर लागू दिली नाही. उपाध्यांच्या घरात वाढलेली मुलगी मी. दाढी नाही, गोड नाही, जमिनीवर झोपणं, देवळात न जाणं, हे सगळं एकत्र म्हणजे काय ते नाशिकमध्ये मला शेजारच्या गॅलरीत बघूनही ओळखता आलं असतं. तिथे मात्र डोक्यातच आलं नाही. सुतक हे घरी असतं, पंचवटीत असतं. रोमच्या फुटपाथवर ते कोणी एकट्याने धरून बसेल, असं कसं सुचावं?

पँथिऑनला जायच्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की आज ऐकायचं नाही. याच्यासाठी तर आलो होतो. चौकात पोचलो, समोर ते जाडजूड खांब, आणि बाबा कारंज्याच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "उठा." ते म्हणाले, "तू बघून ये." मी म्हटलं, "बाबा, हे चर्च नाही, हे जुनं देऊळ आहे. तुम्हीच शिकवलंय." ते म्हणाले, "आता आत त्यांचा देव आहे. पूजा होते." मी म्हटलं, "मग होऊ दे ना. परवा बूट काढून प्रदक्षिणा घातलीत तेव्हा नव्हता का त्यांचा देव?" ते बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागले. तेव्हा माझा तोल गेला. एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि उंबरठ्यावर अडायचं, मग घरची खुर्ची काय वाईट होती, असं आणि बरंच काही मी भर चौकात बोलले. आईला किती हौस होती आणि तिला मिळालं नाही, हेही बोलले. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादासाठी फोटो काढून आण. पाणी कुठे जातं तेवढं बघ."

मी आत गेले. वरच्या भोकातून उन्हाचा एक मोठा गोल भिंतीवर पडला होता. सगळे माना वर करून बघत होते आणि मी एकटी खाली बघत फिरत होते. मधोमध फरशीला बारीक बारीक भोकं होती आणि जमीन जराशी उतरती होती. एवढंसंच. तरी मला इतका आनंद झाला की राग विसरून धावत बाहेर आले. म्हटलं, "बाबा, फरशीलाच भोकं आहेत. पाणी त्यातून खाली जातं. सांगा काकांना." बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांगतो. आवडेल त्याला." आणि कारंज्याकडे वळून तोंडावर पाणी मारून आले.

फोटो मीच काकांच्या नंबरवर पाठवला, खाली सगळं समजावून लिहिलं. काका नेहमी बोलून निरोप पाठवायचे, लिहायचा त्यांना कंटाळा. त्या दिवशी नुसता अंगठा आला. काकांचा फोन तेव्हा माझ्या चुलतभावाच्या खिशात होता आणि तो अमरधामला अस्थी गोळा करायला गेला होता. त्याने मला नंतर सांगितलं की फोटो बघून काय करावं त्याला सुचेना. हात राखेचे होते, ते धुतले आणि अंगठा पाठवला.

उरलेले दिवस आम्ही फारसं बोललो नाही. बाबा नदीकाठी फिरायचे, पुलावर उभे राहायचे, जागोजागीच्या नळांचं पाणी प्यायचे. मी आत जायचे, बाहेर यायचे, आणि ते प्रत्येक वेळी विचारायचे, "नीट बघितलंस ना?"

मुंबईला उतरून आम्ही गाडी केली. घाट चढेपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते. घाट संपल्यावर त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुला एक सांगायचंय. दादा गेला."

मला वाटलं आत्ता फोन आला. मी त्यांच्या फोनकडे बघितलं. ते म्हणाले, "आत्ता नाही. आपण पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. उद्या दहावा आहे."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मला का नाही सांगितलंत, हे मात्र पुन्हा पुन्हा विचारत होते. बाबा मास्तर होते तसे समजावून सांगायला लागले. "सुतक कानावर आल्यापासून लागतं. ऐकलं नाही तोवर नाही. तुझं लग्न झालेलं नाही, तू आमच्याच घरातली. तुला सांगितलं असतं तर तुलाही दहा दिवस धरावं लागलं असतं. मग तू कुठे आत गेली असतीस?"

"मी हे काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मी मानतो ना. तुला माहीत असताना तू आत गेली असतीस तर मला लागलं असतं. माहीत नव्हतं म्हणून मोकळी फिरलीस. दादाने तुलाही पाठवलं होतं, नुसतं मला नाही. दोघांपैकी एकाने तरी बघायला हवं होतं."

मी म्हटलं, "मग फोन उचलायचाच नव्हता. तुम्हालाही लागलं नसतं." किती बालिश बोलले. बाबा म्हणाले, "उचलला गं. दादाचं नाव दिसलं म्हणून उचलला."

मग मी रडले. काकांसाठी, आणि त्या फुटपाथांवर एकट्या बसलेल्या माणसासाठी. जरा वेळाने माझ्या डोक्यात आलं ते मी विचारलं. एवढे दिवस नाही सांगितलं, मग आत्ताच का? घरी गेल्यावर कळलंच असतं. निदान घरापर्यंत तरी मोकळी राहिले असते.

घोटीचा टोलनाका आला, गेला. मग बाबा अगदी हळू म्हणाले, "घरी वहिनी आहे. पोरगा आहे. त्यांना सावरायचंय. तिथे आता मीच मोठा, तिथे मला रडता यायचं नाही. घर येईपर्यंत तुझ्याजवळ रडून घेतो."

आणि ते रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा काका होते. वाडीवऱ्हे गेलं, विल्होळी गेली, तरी ते रडत होते. पाथर्डी फाट्याचा पूल दिसला तसं त्यांनी तोंड पुसलं, चष्मा घातला आणि पंचवटीला कुठून वळायचं ते ड्रायव्हरला सांगायला सुरुवात केली.