चिपाडाची कातडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्ही संपतला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं.

संपत माझ्या आत्याचा मुलगा, विट्याचा. लांब दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात होता. तिथं उजव्या तळहातावर आणि बोटांवर ॲसिड सांडलं. गावी आल्यावर डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून हातावर लावू. संपत घाबरला.

मी तेव्हा सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात पीएचडी करत होते. उसाच्या चिपाडातून सेल्युलोज काढायचं, त्याची पातळ फिल्म करायची, तिच्यावर त्वचेच्या पेशी वाढवायच्या — असं ते काम. पण पेशी टिकत नव्हत्या. त्या गुळगुळीत फिल्मवर त्यांना धरायला काही नव्हतंच. जरा धुतलं की निघून जायच्या. वरचा पृष्ठभाग बदलायला हवा हे कळत होतं. कसा, ते कळत नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं ना? होतं.

आणि तरीही — आत्याच्या घरी सगळे बसलेले असताना संपतनं विचारलं, "आक्का, तुझी ती उसाची कातडी मला चालंल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कडेगावची ही पोरगी अजून किती शिकणार, असं म्हणणारेही त्यात होते. मी म्हणाले, "थोडं थांब. होतच आलंय."

काय होत आलं होतं? काहीच नाही.

तो थांबला. जखम आपली आपण भरली, पण कातडी आकसली, बोटं आत ओढली गेली. पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, थांबायला कुणी सांगितलं?

"कुणी न्हाई," संपत म्हणाला. "मीच भ्यालो."

आत्या त्याला तिथंच नको नको ते बोलली. मी — मी केसपेपरची घडी घालत राहिले.

नंतर ऑपरेशन झालं, तरी बोटं पुरती उघडली नाहीत. सोन्याचं काम सुटलं. आता तो चुलत्याच्या खताच्या दुकानात बसतो.

माझं काम पुढं जमलं. फिल्मवर प्लाझ्माची — रक्तातला नव्हे, विजेनं चेतवलेल्या वायूची — प्रक्रिया केली, मग जिलेटिनचा थर बांधला, आणि पेशी धरून राहिल्या. सत्कार झाला. हे यश अजून काचेच्या बशीतलंच आहे, कुणाच्या हातावरचं नाही.

गेल्या वर्षी संपत सांगलीला आला, तेव्हा लॅबमध्ये डोकावला. मी त्याला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. तो बराच वेळ बघत होता.

"लय भारी हाय, आक्का." मग डोळा न काढताच म्हणाला, "माझ्यापायी केलंस न्हवं हे?"

काम मी त्याचा हात भाजायच्या आधीच सुरू केलं होतं. पदवीसाठी.

"व्हय," मी म्हणाले.