न सारवलेली भिंत

पेडगावात माझ्या आत्याची ओळख तिच्या भिंतींवरून होती. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या त्या भिंतींवर एक ओरखडा सापडला असता तर शपथ. नवी सून गावात आली की सासू तिला सांगायची, जा, ते घर बघून ये, भिंत कशाला म्हणतात ते कळंल. मी त्या घरात एक चातुर्मास काढला. तेव्हा राज्य अजून हैदराबादचंच होतं आणि मी तिथं डाक्टरी शिकत होते.

कॉलेजनं आम्हां काही विद्यार्थ्यांना छात्रवृत्ती देऊन खेड्यांत पाठवलं होतं. सरकार आरोग्याच्या योजना आखतं, त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचतात का, कुठं अडतात, ते राहून बघायचं आणि परत येऊन सांगायचं. आमच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं, बघा, विचारा, शहाणपणा शिकवू नका. माझ्यासारखीला हे सांगणं म्हणजे कठीणच. उर्दूत छात्रवृत्तीलाही वजीफाच म्हणतात, पण आमच्याकडं तेव्हा वजीफा म्हणजे नोकरीतून उतरलेल्याची पेन्शन. आत्या गल्लीभर सांगत सुटली, "आमच्या पोरीला नोकरीच्या आधीच वजीफा लागला बाई." बाया मला बघायला यायच्या आणि एवढी तरणी कशी म्हणून हसायच्या.

अभ्यासाला माझ्या वाट्याला हिवताप आला होता. दिवसभर गावातल्या पोरांची पोटं चाचपायची, तापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय का बघायची. पोरं गुदगुल्या होऊन लोळायची. संध्याकाळी आत्याच्या हातची गरम भाकरी आणि ठेचा. खोटं कशाला बोलू, हैदराबादच्या वसतिगृहापेक्षा मी तिथं सुखात होते.

एकच गोष्ट मनाला लागून होती. आत्याच्या सुनेचा, माझ्या वहिनीचा, दोन वर्षांचा मुलगा मागच्या कार्तिकात तापानं गेला होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. कार्तिक जवळ यायला लागला तशी ती गप्प गप्प राहायला लागली. एकदा जात्यावर बसलो असताना तिनं खुंटा थांबवला आणि विचारलं, "ताई, तुमचं हे शिकणं या बारीला माझ्या लेकराच्या कामी यील का?" मी खुंट्याला हात घातला आणि तिच्याबरोबर दळायला लागले.

मागच्या वर्षीही गावात डीडीटीची फवारणी झाली होती. तरी ताप आलाच. त्यामुळं पावडरीत काही दम न्हाई असं गावाचं पक्कं मत होतं. या वर्षी गौरी गेल्या आणि पंप घेऊन माणसं पुन्हा आली. मी पदर खोचून घरोघरी त्यांच्या पुढं चालत होते. आत्याच्याही घरात फवारून झालं. भिंतीवर पांढुरके डाग, खाली ओघळ. कुणी तोंडावर थुंकून जावं तशी ती भिंतीकडं बघत राहिली.

"जाऊ दे," जेवताना ती म्हणाली. "घटाच्या आधी सगळं घर सारवायचंच हाय. देवी बसायच्या घरात असले डाग ठिवत असत्यात का? मागल्या सालीबी मी असंच केलं हुतं. पार भिंत दिसंनाशी करून गेले हुते मेले."

माझा घास हातातच राहिला. मागच्या सालीही. आणि एकट्या तिच्याच घरात नाही, सगळ्या गावात. औषध भिंतीवर बसायचं, आणि घटस्थापनेच्या आधी गावातल्या झाडून साऱ्या बाया त्यावर मातीचा हात फिरवायच्या. माझ्या जिभेला हाड नाही असं घरी सगळे म्हणत, पण त्या दिवशी मी ती आवरली. गेलेल्या नातवाचं अंथरूण कुठल्या भिंतीशी असायचं ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी परसात शेंगा निवडताना मी तिला नुसतं डासाचं सांगितलं. चावून झालं की तो जड होतो, भिंतीवर जाऊन बसतो. तिथं औषध असलं तर मरतो, दुसऱ्याला चावायला उरत नाही. औषधावर माती फिरवली तर तो मजेत बसतो. आत्यानं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि ती गोठ्यात निघून गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, रागावली. आता ही मुद्दाम दोन हात जास्त देणार.

अमावास्येला वहिनी बादलीत पांढरी माती कालवत बसली होती. आत्या आली, बादलीत डोकावली आणि म्हणाली, "एवढी कशाला? घटाच्या कोपऱ्यापुरतीच कर. गौरीला सारवलंय की सगळं. देवीला काय भिंती मोजायच्यात?"

नवरात्रात हळदीकुंकवाला बाया आल्या त्या देवीआधी भिंतीकडं बघायला लागल्या. आत्याच्या घरात डाग, म्हणजे गावाला नवलच. एकीनं विचारलंच. "औषध हाय ते," आत्या म्हणाली. "दिवाळीलाबी सारवायची न्हाई मी. ज्याला बघवत न्हाई त्यानं देवीकडं बघावं." आत्यानं सोडलं म्हटल्यावर बाकीच्यांना काय, उलट कामच वाचलं. आमची सगळी आळी त्या दिवाळीला डागांचीच राहिली.

कार्तिक आला. रोज सकाळी मी वहिनीच्या कपाळाला हात लावून बघायचे. ती हसायची. एकदाही ती थंडीनं कुडकुडली नाही. कार्तिक सरला त्या दिवशी मी एकटीच परसात जाऊन रडले, आणि मग पोटभर जेवले.

हैदराबादला आम्हां सगळ्यांना उभं करून विचारलं, योजना कुठं अडते. कुणी म्हणालं पंप कमी, कुणी म्हणालं रस्ते नाहीत. मी म्हणाले, नवरात्रात अडते. सगळी खोली हसली. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

पौषात वहिनीला मुलगी झाली. बारशाला मी परत पेडगावला गेले. नातवाचं अंथरूण असायचं त्याच भिंतीशी पाळणा टांगला होता आणि डाग तसेच होते. पूर्णेहून आत्याची जाऊ आली होती. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "अगं, तुझी भिंत अन् अशी? बारशाला तरी सारवायची."

आत्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "मागल्या घटाला सारवली हुती," ती म्हणाली.

म्हणजे तिला परसातच सगळं कळलं होतं, नातवाचंही. जाऊ पुढं काही विचारणार, तेवढ्यात आत्यानं बाळ वहिनीपुढं धरलं. वहिनीनं एका हातानं बाळ घेतलं आणि दुसऱ्या हातानं सासूचा हात धरला. पाळणा म्हणून होईपर्यंत तिनं तो सोडला नाही.