पृथ्वी नावाचा शब्द

नंदुरबारच्या एका जिनिंग प्रेसमध्ये मी कारकून होतो, तेव्हा कापसाच्या गाठींवर अक्षरे छापणारा एक म्हातारा तिथे होता. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. कोरलेला पत्रा गाठीवर धरून तो काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा आणि उमटलेल्या अक्षराकडे मान तिरपी करून बघायचा. इंग्रजी त्याला येत नव्हते.

आमच्या साहेबांना शब्दांच्या खेळाचा नाद होता. एकदा त्यांनी मला पाच इंग्रजी अक्षरे दिली आणि दर वेळी ती सगळी वापरून उद्यापर्यंत दोन शब्द करायला सांगितले. ‘हार्ट’ लगेच सापडला, दुसरा काही केल्या सापडेना. इंग्रजीवरच तर माझी तिथली ऐट होती.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या कागदात डोकावून म्हातारा त्याच पाच अक्षरांचे पत्रे जमिनीवर मांडून हलवत बसला. “हाऊ शे का, भाऊसाहेब?” हाच आहे का, असे तो दर खेपेला विचारी आणि मी नाही म्हणे. शेवटी त्याच्या हातून ‘अर्थ’ जुळला, म्हणजे पृथ्वी.

“नाही,” मी म्हणालो. “असा शब्दच नाही इंग्रजीत.”

तो गालात हसला. “माले इंग्रजी नही येस, पन तुम्हनं तोंड वाचता येस.”

दुसऱ्या दिवशी तोच शब्द माझ्या स्टुलावर ठसठशीत छापलेला होता. साहेबांनी तो वाचला आणि खूश होऊन विचारले, “कोणी शोधला?”

“मी,” मी म्हणालो.

म्हातारा शेजारीच कुंचला पुसत होता. त्याने मान तिरपी करून माझ्याकडे बघितले, नुकत्याच उमटलेल्या अक्षराकडे बघायचा तसे.