हिल्काने दाखवलेली जागा

फिनलंडातल्या आमच्या कारेलियात बायका घरातली भांडणं सांगतील, नवऱ्याचं घोरणंही सांगतील. अळंबीची जागा नाही सांगणार. कुणी विचारलंच तर भलतीकडे बोट दाखवायचं. त्याला इथे कुणी खोटं बोलणं म्हणत नाही.

हिल्काची जागा तिला सासूने सांगितलेली. पोटच्या लेकीला, एल्मीला, सांगितली नव्हती, कारण एल्मीच्या पोटात काही राहत नाही. त्यामुळे विद्यापीठातली सुवी हिल्काकडून टोपलीभर केसाळ अळंबी घेऊन वही उघडून बसली आणि म्हणाली, "मावशी, कुठे मिळाली?" तेव्हा हिल्का सवयीने बोलून गेली, "तळ्यापलीकडे, बर्चच्या राईत."

दोन वर्षांनी सप्टेंबरात सुवी परत आली. पोरीचा चेहरा उतरलेला.

"मावशी, तुमच्या अळंबीच्या अर्काने काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी वाढायच्या थांबल्या. औषध नाही हं, ते फार लांब आहे. पण दोन हंगाम तळ्यापलीकडची अळंबी तपासतेय, तिच्यात तो गुणच नाही. या वर्षी पुन्हा जमलं नाही, तर काम बंद."

हिल्काने कॉफीची किटली खाली ठेवली. एल्मीला चकवणं वेगळं. या पोरीची दोन वर्षं तिने रानात फिरवून वाया घालवली होती.

"जागा सांगितली तर काय करशील?"

"छापावी लागेल. नकाशावरच्या खुणेसकट."

हिल्काने बूट चढवले. "चल."

"मीही येते, वहिनी," कॉफीला आलेली एल्मी उठलीच.

"तुमचे गुडघे धरलेत ना, वन्सं?"

"आत्ताच सुटले!"

हिल्का त्यांना घेऊन गेली ती थेट एल्मीच्याच बटाट्याच्या शेतामागे. बर्चखाली अळंबीच अळंबी.

"माझ्या दारात? चाळीस वर्षं?" एल्मी किंचाळली. "आणि मी तुला दर नाताळाला माझा मासा खाऊ घातला!"

"खारट असायचा," हिल्का म्हणाली, आणि सुवीला चाकू कसा धरायचा ते दाखवायला वाकली.

फेब्रुवारीत फोन आला. पेशी पुन्हा थांबल्या होत्या, तिन्ही खेपांना. काम चालू राहणार होतं.

"मावशी, लेखात तुमचं नाव घालतेय. नावापुढे काय लिहू? बाकी सगळ्यांच्या पुढे डॉक्टर आहे."

हिल्काने पदर नव्हता म्हणून एप्रन सारखा केला आणि ताठ बसली.

"वेचणारी लिही," ती म्हणाली. "लहानपणापासून, साठ वर्षं झाली."