वंदनाचे कुरळे केस आणि राज्याची विभागणी

आमच्या सेक्शनचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. कंगव्यात केस अडकतात तसे ते अडकत गेले. राज्याचे दोन तुकडे व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं आणि नंतरची दोन-तीन, हैदराबादच्या आमच्या सरकारी ऑफिसात फाइली कमी हलायच्या आणि गोष्टी जास्त घडायच्या!

आम्ही चौघी एका टेबलावर डबा खायचो. मी, सलमा, विजयवाड्याकडची लक्ष्मी आणि वंदना. वंदना नांदेडची, लग्न होऊन इकडे आलेली. नवरा रेल्वेत, मुलगी दहावीत, घर शहरातल्याच तारनाका भागात, सासरेही सोबत. कोण कुठल्या राज्यात जाणार याच्या याद्या निघणार म्हटल्यावर तिचं जेवणच उडालं. तिची बदली दुसऱ्या राज्यात झाली तर नवरा-मुलगी इथे आणि ही तिकडे एकटी. पोळी तशीच डब्यात परत न्यायची. तिचं मन रमावं म्हणून आम्ही तिचे केस कुरळे करायच्या मागे लागलो.

*

वंदनाचे केस इतके बारीक आणि मऊ, की क्लिप लावली तर पाच मिनिटांत घरंगळून खांद्यावर! सलमा म्हणाली, "स्पंजके रोलरां लेंगे." आम्ही सुलतान बाजारात गेलो. दुकानदारानं वंदनाच्या वेणीकडे पाहिलं आणि गुलाबी रोलरचं पाकीट परत मागे ओढलं.

"नक्को अम्मा. ये बालां में तो मेरी गॅरंटी बी नै ठैरती!"

आम्ही हट्टानं चोवीस नग घेतले. केस ओलसर हवेत, ओले नकोत. बट बोटभर रुंद घ्यायची, टोकापासून गुंडाळत मुळाशी न्यायची आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वंदनाच्या केसांना वाळायला पाच तास लागायचे. सरकारी ऑफिसात पाच तास कुठून काढायचे, हा प्रश्न होता.

तो संपानं सोडवला.

*

पेन-डाऊन संप! म्हणजे ऑफिसात यायचं, सही करायची आणि पेन खाली ठेवून बसायचं. पेन खाली आल्यावर हात मोकळेच. एका संघटनेला राज्य तोडायचं होतं, दुसरीला जोडून ठेवायचं होतं. आमच्या टेबलावर दोन्ही संघटनांच्या बायका एकमेकींचे केस गुंडाळत बसायच्या.

एक दिवस टीव्हीवाला आला. आम्हा चौघींच्या डोक्यावर गुलाबी गुंडाळ्या पाहून त्यानं माइक पुढे केला, "ये क्या है मॅडम?"

सलमानं चेहरा जरासुद्धा न हलवता सांगितलं, "एहतिजाज है साब. निषेध! टाइम होने तक खोलते नै."

संध्याकाळी बातमी आली. महिला कर्मचाऱ्यांचा अभिनव गुलाबी निषेध! दुसऱ्या दिवशी एका संघटनेचे नेते टेबलाशी हजर. मेन गेटवर बसवायला आणखी पन्नास बायकांची सोय होईल का, म्हणून विचारायला. ते गेल्यावर अर्ध्या तासानं दुसऱ्या संघटनेचे नेते आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आमच्यासाठी निळे मिळतात का?"

*

बारीक केसांचा बाक टिकत नाही, म्हणून वंदना जवस उकळून, गाळून त्याचं चिकट पाणी बाटलीत आणायची. बटेला ते चोळून मग रोलर. बाटलीवर तिनं व्यवस्थित चिठ्ठी लावली होती, "जवस."

आमचे सुपरिंटेंडेंट राव सर वंदनाच्या जवसाच्या चटणीवर जीव टाकणारे. आम्ही कॅन्टीनला गेलो असताना त्यांनी बाटली उघडली आणि दोन चमचे भातावर घेतले. आम्ही परतलो तेव्हा ते हात धूत होते.

"वंदनम्मा, चटणी आज जरा पातळ झाली. मीठ तर विसरलीसच."

वंदनानं बाटली उचलून पर्समध्ये टाकली. सर आठवडाभर पोट साफ झाल्याचं सगळ्यांना सांगत होते.

*

मग खरोखरच राज्य विभागलं. खुर्च्या, पंखे, कपाटं, सगळं ठरलेल्या प्रमाणात वाटायचं होतं. स्टोअरचा क्लार्क स्टिकर चिकटवत फिरायचा. आमच्या कपाटात त्याला रोलरचा डबा सापडला. त्यानं लिहिलं, "स्पंज, गोल, गुलाबी, नग चोवीस." आणि दोन राज्यांच्या दोन रकान्यांत वाटूनही टाकले!

लक्ष्मी उसळली, "हे आमचे स्वतःचे आहेत!"

"कपाटात आहे ते सरकारचं, मॅडम. तशा सूचना आहेत."

मोजणीच्या दिवशी आम्ही चौघींनी सहा-सहा रोलर डोक्याला लावले. त्यानं बराच विचार केला, दोन्ही रकाने खोडले आणि शेरा मारला, "वापरात." याचा मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू!

*

शेवटी वंदनाची सुनावणी लागली. शिक्षण कुठे झालं त्यावरून राज्य ठरणार होतं, आणि हिची शाळा नांदेडची. म्हणजे ना या राज्याची, ना त्या राज्याची. मी फाइल धरायला सोबत गेले. सकाळी तिचे केस अगदी झकास झाले होते. पण कॉरिडॉरमध्ये तीन तास रांग, वर पंखा नाही. नंबर आला तोवर सगळा बाक उतरून केस कानांवर चपटे.

साहेबांनी फॉर्मवरच्या नव्या फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"फोटोत कुरळे, समोर सरळ. खरं काय?"

"दोन्ही, सर. सकाळी कुरळे असतात, दुपारी सरळ होतात."

"असं चालत नाही. माणसानं एक काहीतरी असावं. मूळच्या कुठल्या तुम्ही?"

पंधरा वर्षांत जिनं कधी आवाज चढवला नव्हता, ती वंदना टेबलाला धरून उभी राहिली.

"नांदेडची. माझे सासरे म्हणतात, मागच्या, छप्पन सालच्या वाटणीच्या आधी नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं. ते घरातच बसून होते, राज्यच उठून गेलं. आता मी घरात बसलेय, परत राज्यच हललं. सर, आम्ही कुठं गेलो नाही. तुम्ही म्हणता मूळ सांगा. मूळ कुणाचं हललं, ते तुम्ही सांगा."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पानं उलटली. मिटलं. चष्मा काढून पुसला.

"घरी कोण असतं?"

"नवरा. मुलगी. सासरे."

"कुठे?"

"तारनाक्याला."

त्यांनी पेन उचललं, फॉर्मवर "वाटप झालेले राज्य" असा रकाना होता, त्यात ठसठशीत अक्षरात "तारनाका" लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का मारून म्हणाले,

"नेक्स्ट!"