तीनशे बारा रेघा

गल्लीत बोललं जात होतं, की 'आहे-नाही' आत्यानं गोदामवाल्यांकडून फ्रीज उकळला आणि सरकारी पाहणीत सगळं छान-छान लिहिलं, म्हणून तर आपला दवाखाना पाडून तिथून ट्रकचा रस्ता निघणार. "एवढं गोड फुकटात कोण लिहितं?" असं इस्त्रीवाला प्रत्येक कॉलरला ऐकवायचा.

खरं असं, की तो फ्रीज आत्याच्या भावानं टाकायला काढलेला होता. दार दोरीनं बांधावं लागे, आणि आत दूध कमी, खडखडाट जास्त. आत्यानं कुणाचा छदामही घेतला नव्हता. जे केलं ते फुकटातच केलं होतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

ती सरकारी पाहणीत घरोघर फॉर्म भरणारी. "पंखा? आहे. दुचाकी? नाही. मिळकत? वाढली." त्यावरूनच पोरांनी तिचं नाव पाडलेलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा, जेमतेम दोन बोटं रुंद. साहेबांनी बजावलं होतं, "बाई, शेरा लिहिलात की फॉर्म परत येतो. रेघ मारा, मोकळ्या व्हा." आत्या तीनशे बारा घरं फिरली आणि तीनशे बारा रेघा मारून मोकळी झाली.

सुट्टी होती म्हणून भाची बरोबर फिरली होती. भाची म्हणजे नकलांचं चालतंबोलतं दुकान. कुणाचा आवाज एकदा कानावर पडला, की दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून ऐकावा.

रविवारी जिन्यात बायका भाजी निवडत बसल्या होत्या. "कर गं आत्याची," कुणीतरी म्हणालं. भाचीनं नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "पंखा? आहे. मिळकत? वाढली. काय म्हणता, ट्रकच्या धुरानं बाळाला धाप लागते? सारखं दवाखान्यात न्यावं लागतं?" तिनं हवेत पेन फिरवलं. "सर्रर! पुढचं घर!"

हशा पिकला. शिंपीण तेवढी हसली नाही. बाळ तिचं होतं.

"म्हणजे मी सांगितलेलं तिनं लिहिलंच नाही?"

खालच्या पायरीवर आत्या पिशवी घेऊन उभी होती. कुणाकडे न बघता ती भिंतीला खेटून वर गेली. भाचीचे कान तापले. चार टाळ्यांसाठी तिनं घरचं माणूस चव्हाट्यावर आणलं होतं.

घरात आत्या पिशवी तशीच मांडीवर घेऊन बसली होती. "पाहणीच्या अहवालात लिहिलंय, 'तक्रार एकही नाही.' माझ्या रेघा बघून लिहिलंय गं."

"पण मिळकत वाढली हे खरंय ना? बाबांना गोदामातच काम लागलं."

"खरंय की. पगार आले, पंखे आले. सरकारला तेवढंच ऐकायचं होतं आणि मी तेवढंच ऐकवलं. उरलेलं गिळलं."

"मग उद्या रस्त्याच्या सुनावणीत सांग."

"कुठल्या तोंडानं?"

"नाहीच सांगणार तू!" भाचीला तिची मान खाली गेलेली बघवेना, म्हणून ती उगाच चढ्या आवाजात बोलली. "साहेब दिसले की तुझं 'होय साहेब' सुरू. लाव पैज!"

आत्यानं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "तू जिंकलीस तर जन्मभर कर माझी नक्कल. मी त्याच लायकीची. हरलीस तर सगळी घरं पुन्हा चढायची माझ्याबरोबर. लिहायचं तू, आणि तोंडाला कुलूप."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तेच साहेब घसा खाकरत वाचत होते, "वस्तीची भरभराट झालेली असून तक्रारी, शून्य." भाची ओठांतल्या ओठांत ते खाकरणं घोटवत होती. तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली.

"शून्य नाही, साहेब," आत्या म्हणाली. "लोकांनी सांगितलं होतं. मी रेघ मारली. तुम्ही मारायला सांगितलीत, पण हात माझा होता."

मागून कुणीतरी ओरडलं, "लाज नाही वाटली?"

"वाटते. बसून राहिले तर आणखी वाटेल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तोंडी धरता येत नाही. आठ दिवसांत लेखी आणा, सह्यांसकट. नाही आलं, तर दवाखाना गेला समजा."

बाहेर आल्यावर आत्या शाळेच्या पायरीवर टेकली.

"हरले मी," भाची पुटपुटली.

"मग वही काढ. रोज चाळीस घरं. आणि एक अक्षर जरी बोललीस ना..."

भाचीनं वही काढली आणि शेऱ्यासाठी अख्खं पान मोकळं सोडलं.