बोटवाल्या काकांची चिनी बाग

आमच्या बोटवाल्या काकांइतका चीनवर जीव असलेला माणूस खुद्द चीनमध्येही सापडायचा नाही, असं आमची भावकी अजून हसून सांगते. त्यांच्या चिनी बागेचं वाटोळं मात्र चीनमुळे झालं नाही, माझ्यामुळे झालं. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही. आता पन्नाशी उलटली, लपवण्याचाही कंटाळा आला, म्हणून लिहितो.

काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. उभा जन्म मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून १९९८ साली ते हातखंब्याजवळच्या आमच्या गावी परत आले ते डोक्यात चीन घेऊनच. तिथल्या बंदरांत ते अधूनमधून उतरत, आणि मागच्या खेपेला जिथे होड्या उलट्या घालून ठेवलेल्या बघितल्या तिथे पुढच्या खेपेला क्रेन उभ्या असत. त्या आश्चर्यातून ते शेवटपर्यंत बाहेर आले नाहीत. मिरकरवाड्याच्या मासळीच्या धक्क्यावर उभे राहिले की म्हणायचे, शेन्झेन तरी काय होतं, असंच होतं, वासासकट. भर मे महिन्यात चिनी लोकांसारखं थर्मासमधून कढत पाणी पीत. हातखंब्याच्या नाक्यावर चहावाल्याकडून नुसता रिकामा ग्लास मागून घेत आणि त्यालाच तासभर निर्यातीबद्दल सांगत. कुणाच्याही घरी गेले की बॅटरी, कुलूप, छत्री, जे हाताला लागेल ते उलटं करून कुठे बनलंय ते बघत. चिनी निघालं की चेहरा असा खुले, जणू वस्तू नाही, माहेरचं माणूस भेटलं. एकदा तर मयताच्या घरी तिरडी बांधली जात असताना त्यांनी शेजाऱ्याच्या हातातली बॅटरी मागून घेतली आणि हळूच मला म्हणाले, "निंगबोची आहे रे. मी उतरलोय तिथे."

आमच्या घरात खाण्याची वस्तू विकणं म्हणजे अब्रू घालवणं. काकांनी त्यावर तोड काढली. पडवी हे चीनमधल्यासारखं विशेष आर्थिक क्षेत्र असल्याचं त्यांनी जाहीर केलं. घराचे कायदे उंबऱ्याच्या आत चालतील, पडवीत नाही. काकी पडवीत बसून आमसुलं, कोकमाचं आगळ आणि फणसपोळी विकू लागल्या. माझ्या आईने नाक मुरडलं, पण उंबरा ओलांडून भांडायला जायचं तर तिथे तिचा कायदा नव्हता. पुढे आपल्याकडच्या पेपरांतही तो शब्द रोज येऊ लागला, तेव्हा काका थंडपणे म्हणाले, "आमच्या पडवीवरून उचललंनी."

पण त्यांचा खरा जीव होता बागेत. आमची हापूसची बाग सामायिक. सामायिक म्हणजे खत कुणी घालायचं नाही, राखण कुणी करायची नाही, आणि आंबा तयार झाला की मुंबईहून सगळ्यांनी पिशव्या घेऊन यायचं. काका म्हणाले, चिनी खेड्यांत शेती सगळ्यांची होती तेव्हा असंच चाले. मग सरकारने जमीन आपल्या नावावर ठेवून घरोघर कसायला दिली. ठरलेला वाटा द्या, उरेल ते तुमचं. पीक वाढलं. आपणही तसंच करू. बाग सामायिकच राहील, फक्त झाडं घराघरांत पंधरा वर्षांसाठी नेमून द्यायची. मुदत लांब, म्हणजे माणूस झाड ओरबाडणार नाही. भावकीत वर्षभर नुसती कुरकुर झाली. शेवटी काकांनी पुढच्या गणपतीत डाव साधला. वडीलधारे म्हणून सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालत. "बा गणपती म्हाराजा," करता करता त्यांनी सगळी योजना वाट्यासकट देवाच्या कानावर घातली, आणि सवयीने सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." देवासमोर हो म्हटलेलं मोडणार कोण? चीनचं धोरण आमच्या घरात असं मंजूर झालं. विहिरीजवळची चांगली झाडं काकांनी मला दिली. मी रत्नागिरीत नोकरीला, जवळचा. स्वतःकडे मात्र त्यांनी कडेची, कलम न केलेली रायवळ झाडं ठेवली.

एक वर्ष मी रविवारी जाऊन राबलो. मग दमलो. दुसरं कारण नाही. आडगावच्या एका ठेकेदाराला मी झाडं गुपचूप कराराने दिली. त्याने मुळांत मोहर लवकर आणणारं औषध ओतलं, तेही मापाबाहेर. पुढच्या हंगामात फांद्या वाकेपर्यंत आंबा आला. काका थर्मास घेऊन भावकीतल्या एकेकाला माझ्या झाडांखाली आणत. "बघा," म्हणत, "आपल्या माणसावर विश्वास टाकला की काय होतं ते." मी खाली बघत असे. मला वाटे, ते लाजणंच समजत असतील. दोन चुलतभावांनी खोदून विचारलं तेव्हा त्यांना मी ठेकेदाराचा पत्ता देऊन टाकला, आणि त्यांनीही आपली झाडं त्यालाच दिली.

तिसऱ्या वर्षापासून झाडं शेंड्याकडून वाळत आली. त्या गणपतीत मुंबईचे माझे थोरले बंधू सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, "तुमच्या चीनपायी आजोबांनी लावलेली झाडं मेली. गाऱ्हाणं तुम्हीच घातलंत, तुम्हीच मागे घ्या." दोन्ही चुलतभाऊ माझ्याकडे बघत होते. मी समईची वात सारखी करत बसलो.

काका उठले. टोपी नीट केली, हात जोडले. "बा गणपती म्हाराजा, ही वाटणी मी आणलीय, ती माझ्याच तोंडाने मागे घेतोय. काय चुकलंमाकलं असंल ते माझं. लेकरांना बोल लावू नको. पदरात घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो, आणि इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच.

जेवणं झाल्यावर ते पडवीत एकटे बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. सांगायला गेलो होतो, पण तोंड उघडेना. शेवटी तेच म्हणाले, "तुझी झाडं दाखवायला लोकांना नेत होतो ना, तेव्हा बुंध्याशी माती उकरलेली दिसली होती मला."

मी जमिनीचा सुटलेला पोपडा नखाने काढू लागलो.

"त्या मातीवर पाय ठेवून उभा राहायचो रे मी, कुणाला दिसू नये म्हणून. मला माझं धोरण चाललेलं बघायचं होतं. तेव्हा सगळंच काही तुझं नाही हो. अर्धं माझं."

मग थर्मासच्या झाकणात पाणी ओतून त्यांनी माझ्यापुढे धरलं. त्यांच्याबरोबर मी ते पहिल्यांदाच प्यायलो. नुसतं गरम पाणी, चव कसली असणार.

काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. बाग पुन्हा सामायिक आहे. खत कुणी घालत नाही. गणपतीला जमलो की काकांच्या चीनचा विषय निघतो, सगळे हसतात, आणि मी हसत नाही एवढंच काय ते करतो. त्यांनी आपला अर्धा वाटा देवासमोर, भावकीसमोर उचलला, वर माझाही उचलला. त्यांची पद्धत चुकली नव्हती, मी झाडं ठेकेदाराला देऊन बसलो होतो, एवढं त्याच माणसांसमोर उभं राहून मला सांगायचं आहे. ते अजून राहिलं आहे.